धवल्याचा मालक

९ फेब्रुवारी

अदनान म्हणाला, जे झालं ते तारखेनिशी लिहून ठेव, उद्या तक्रार करायची झाली तर कामाला येईल. मुरुडच्या बाजारात त्याचं मोबाईलचं दुकान आहे, असल्या भानगडी त्याला कळतात. म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून पेन धरलं नव्हतं, आता चोरांपायी धरावं लागतंय.

काल संध्याकाळी रेवदंड्याच्या पुढे एका हळदीची ऑर्डर होती. कॅमेरा लावून उभा होतो, तेवढ्यात डीजेने गाणं बदललं आणि माझे हातच थांबले. धडाधड बीट, आणि त्यावर ठमाबाईचा आवाज. आधी वाटलं भास झाला. मग कुकरची शिट्टी ऐकू आली आणि खात्रीच पटली, कारण ती शिट्टी माझी आहे.

तक्रारीत लागेल म्हणून पहिल्यापासून लिहितो. मी सुजित, लग्नं शूट करतो. काशीदच्या मागे डोंगराच्या पोटाला आमचं गाव. गावातल्या सगळ्या लग्नांत ठमाबाई धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हणते. आम्हा आगऱ्यांत भटजी उशिरा आला तरी चालतं, धवला गाणारी धवलारीन नसेल तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. ती गाण्यातून देवांना मांडवात बोलावते, आणि मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन हाक मारते, की या, आपल्या पोरीच्या लग्नाला या. गेल्या मे महिन्यात शेजारच्या रघूकाकाच्या मुलीचं लग्न झालं. रघूकाका त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेला होता. ठमाबाईने त्याला हाक मारली तेव्हा अख्खा मांडव रडला, आणि ते मी टिपलं. माईक मी स्वतः मांडवाच्या मेढीला बांधला होता. ऐन हाकेच्या वेळी आत कुणीतरी डाळीचा कुकर लावलेला, त्याची शिट्टी झाली, तीही आली. मी ती काढली नाही, खरेपणा राहतो. व्हिडिओ माझ्या चॅनेलवर टाकला, "ओरिजिनल आगरी धवला", कोपऱ्यात माझं नाव आणि नंबर.

तोच आवाज उचललाय कुणीतरी. वर स्वतःचं नाव टाकलंय, डीजे विपुल, उरण. रघूकाकाच्या नावाचे तुकडे केलेत, र-र-रघू, र-र-रघू, आणि शिट्टी झाली की बीट पडतो. काल पोरं शिट्टीची वाट बघत हात वर करून उभी होती. लाखो लोकांनी बघितलंय ते. माझा व्हिडिओ कोणी बघत नाही, आणि माझ्या शिट्टीवर अख्खा रायगड नाचतोय.

हरामखोर. विचारायचं तरी.

१२ फेब्रुवारी

आज दिवसच खराब. एप्रिलच्या शेवटी आमच्या पूनमचं लग्न ठरलंय, त्याची यादी करायला आई बसली होती. म्हणाली, "ठमाबाईला आवतन द्याला कवा जातस?"

आवतन म्हणजे रीतसर बोलावणं. घरातल्या कर्त्या पुरुषाने धवलारनीच्या दारात जायचं, तिच्यापुढे सुपारी ठेवायची आणि विचारायचं, आमच्या मांडवात येशील का. तिने सुपारी उचलली की होकार. बाबा असते तर बाबा गेले असते. आता मी.

मी म्हटलं, "तिला काय आवतन, घरातलीच आहे ती. एप्रिलला किती वेळ आहे."

आई म्हणाली, "घरातली हाय म्हनून तं इचाराचा."

त्यात दुपारी दुसरा ताप. नागावच्या पार्टीच्या लग्नाची फिल्म चॅनेलवर चढवली होती, तर तिचा आवाजच बंद करून टाकला. म्हणे त्यातलं सिनेमातलं गाणं तुमचं नाही. अरे, लग्नाच्या फिल्मला सिनेमाचं गाणं लावायचं नाही तर काय लावायचं, आणि ते विचारायचं कोणाला? गाणं मागे वाजत होतं नुसतं. गरिबाला नियम, आणि तिकडे विपुल मोकाट.

१५ फेब्रुवारी

विपुलला फोन केले, उचलत नाही. म्हणून आज स्वतःच गेलो. रेवसहून गाडी तरीत, म्हणजे खाडीच्या बोटीत, चढवली, करंजाला उतरलो. पुढे न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनरची रांग, धूळ खात पोचलो. टायरच्या दुकानाच्या वर एक खोली, तोच त्याचा स्टुडिओ.

मला वाटलं होतं दांडगा कुणी असेल. निघाला किडकिडीत, माझ्याच वयाचा, चष्मा लावलेला. थंड मागवलं माझ्यासाठी. मी प्यालो नाही. नंतर प्यालो, ऊन फार होतं.

मी म्हटलं, "तू माझा व्हिडिओ चोरलास."

"भाई, व्हिडिओ कुठे घेतला मी? ऑडिओ घेतला. आणि ते पारंपरिक आहे ना. पारंपरिक गाना किसी के बाप का नही होता."

"माईक मी बांधला होता. शूट मी केलं. भर मे महिन्यात उन्हात उभा होतो मी."

"मान्य. पण गायली कोण?"

"आमची ठमाबाई."

"मग तिने येऊन बोलावं ना. मी तिला विचारलं नाही, चल, माझी चूक. तू विचारलं होतंस?"

असला उलटा प्रश्न. अरे, माझ्या गावची बाई, मी लहानपणी तिच्या ओट्यावर भाकरी खाल्लेली, मी तिला विचारायला तू आणि मी एक आहोत का? हे मी त्याला म्हटलंसुद्धा. तो हसला आणि म्हणाला, बस ना, टेन्शन कशाला घेतो, खाली तुझं नाव टाकतो, शूट बाय सुजित. मी म्हटलं, नाव नको, गाणं काढ. तो म्हणाला, गाणं आता माझ्याही हातात नाही, सगळीकडे गेलंय.

येताना तरीत बसून विचार करत होतो. याला धडा शिकवल्याशिवाय सोडायचं नाही. रघूकाकाच्या नावाचे तुकडे केलेत त्याने, देवाच्या गाण्याचा तमाशा केलाय. यांना काही वाटतच नाही.

१८ फेब्रुवारी

अदनानने रस्ता काढला. एक कंपनी असते, तिच्याकडे आपला आवाज नोंदवायचा. मग तो आवाज इंटरनेटवर जिथे जिथे असेल तिथे मशीनच शोधून काढतं आणि आपल्याला कळवतं. आपण एक बटण दाबायचं, समोरच्याचं बंद.

त्याच्या दुकानात बसून अर्ज भरला. एका ठिकाणी विचारलं होतं, या गाण्याचे मालक तुम्हीच आहात का. अदनानचा हात थांबला.

"सुजितभाय, इथं काय लिहू?"

"हो लिही."

"तुमच्या ठमाबाईशी बोललास का? उद्या लफडा नको. आमच्यात मशिदीत बांग देणारा बांगी असतो ना, त्याचा आवाज फोनमध्ये घ्यायचा तरी लोक आधी त्याला सांगतात."

"अदनान, ती माझ्या आजीसारखी आहे. तिला मोबाईल उचलता येत नाही, मालक म्हणजे काय ते कळायचं नाही तिला. मी तिच्यासाठीच करतोय ना हे. मी नाही केलं तर कोण करणार?"

त्याने खुणेच्या चौकोनावर बाण ठेवला आणि माऊस माझ्याकडे सरकवला. "तूच दाब मग."

दाबला. खाली आणखी एक चौकोन होता, आवाज कुठेही सापडला तरी माझंच नाव लागू करा, तोही दाबला. लागू दे. घरी येताना बरं वाटत होतं, पुष्कळ दिवसांनी.

३ मार्च

आज गावात बोंबाबोंब. रघूकाकाची बायको, आमची काकू, पोरीच्या सासरी गेली होती. तिथल्या हळदीत ते गाणं लागलं. नवऱ्याचं नाव ऐकून बाई आधी उभीच राहिली, तिला वाटलं कोणी हाक मारतंय. मग बघते तर पोरं ग्लास डोक्यावर धरून नाचतायत. चप्पल न घालता बाहेर पडली म्हणे. आज सकाळी आली ती थेट ठमाबाईच्या दारात, आणि जे तोंड सोडलंय. माझ्या घोवाचं नाव विकलंस, त्याला बाजारात उभा केलास, त्याला निवांत पडू दिलं नाहीस, काय नाही ते.

मी मध्ये पडलो. काकूला समजावलं की ठमाबाईचा यात काही संबंध नाही, हा सगळा त्या उरणच्या विपुलचा कारभार. मी त्याच्या मागे लागलोय, त्याला सोडत नाही. काकू माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "त्याला कुठून गावला रं?" मी म्हटलं, इंटरनेटवरून उचलला त्याने. मग वळून घरी गेली. हादरलेली होती बिचारी.

ठमाबाई ओट्यावर बसून पान कुटत होती. एवढी बोलणी खाऊनही चेहरा हलला नव्हता. मी म्हटलं, आजी, काळजी करू नको, मी बघतो. ती म्हणाली, "तू कवाधरना बघतंस. मी पन बघला तुझा तो शिनेमा, क्रांतीनी दाखवला." क्रांती तिची नात, अलिबागला कॉलेजला जाते.

"कसा वाटला?"

"नाकात नथ नाय, तोंडात पान, लुगरा रोजचा. जगाला दाखवाचा व्हता तं आंदी सांगाचास."

एवढंच. म्हातारीला कशाची पडली असेल तर नथीची. मला हसू आलं, पण बरं वाटलं की तिने मनाला लावून घेतलेलं नाही.

१६ मार्च

जिंकलो.

शिमगा झाला आणि कंपनीचा निरोप आला. माझा आवाज सापडलेल्या ठिकाणांची रांगच लागली होती स्क्रीनवर. विपुलचं पान सगळ्यात वर. त्याच्यावर बटण दाबलं तेव्हा जी मजा आली ती सांगता येत नाही. मग खालचेही सगळे घेतले. "आगरी कडक", "हळदी किंग", "मांडव आणि मी", "नातीचं पान", अजून कितीतरी, काही तर परदेशातले. वाचत बसलो नाही. मशीन म्हणतं हा तुझा आवाज, म्हणजे माझाच. दाब, दाब, दाब. काहींनी तर शिट्टीसकट जशाच्या तसा ठेवला होता, कापण्याचीही तसदी नाही. असल्यांची दया का करायची?

संध्याकाळी अदनानला पार्टी दिली. तो म्हणाला, तपासलंस ना सगळं? मी म्हटलं, चोरांची जात तपासायची असते का.

आईने पुन्हा आवतनाचं काढलं. उद्या जातो म्हटलं.

२५ मार्च

कामाची गर्दी, लग्नसराई पेटलीय. ठमाबाईकडे जायला सवड होत नाही, म्हणून क्रांतीच्या फोनवर निरोप रेकॉर्ड करून पाठवला, "आजीला सांग, सत्तावीस एप्रिलला आपल्या पूनमचं लग्न, सकाळीच ये म्हणावं." तिने ऐकला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. आजकालच्या पोरींना मोठ्यांशी बोलायची पद्धत नाही.

आईला सांगितलं, कळवलंय. तिने पोळपाट आपटला. कशाला ते कळलं नाही.

४ एप्रिल

डोकं फिरायची वेळ आलीय. आज एसटीच्या थांब्यावर क्रांती भेटली. मी हसलो, ती हसली नाही.

"सुजितदादा, माझं पान बंद का केलंस?"

"कुठलं पान?"

"नातीचं पान."

तिने फोन पुढे धरला. आजीच्या वयाच्या धवलारनी आता थोड्याच उरल्यात, म्हणून ही पोरगी दोन वर्षं आजीचं सगळं त्यावर ठेवत होती. आजी लोणचं घालताना, आजी जुन्या गोष्टी सांगताना. रघूकाकाच्या मुलीच्या लग्नातला धवलाही ठेवला होता, तिने दुसऱ्या बाजूने स्वतःच्या फोनवर घेतलेला. आवाज तोच, शिट्टीही तीच. मशीनला काय कळणार? अख्खं पानच उडालं, लोणच्यासकट. स्क्रीनवर लिहिलं होतं, हे गाणं सुजित यांच्या मालकीचं आहे, आपण ते परवानगीशिवाय वापरलं आहे.

"आजीला वाचून दाखवलं मी," क्रांती म्हणाली.

"अगं, ही कंपनीची चूक आहे. मशीनची चूक."

"काकूने रघूकाकाचं नाव ठेवू दिलं होतं मला. मी तिच्या घरी जाऊन विचारलं होतं. म्हणून फक्त गावातल्या लोकांना दिसेल असं ठेवलेलं होतं मी, दादा. तुझं सगळ्यांना दिसत होतं."

गाडी आली, ती चढून गेली. माझं बोलणं अर्धवट राहिलं. मी इतकंच म्हणत होतो की मी सगळ्यांसाठीच लढतोय, आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं तर त्यात माझा काय दोष? खरा चोर बाजूला राहिला आणि सगळे माझ्याकडे असे बघतात जसा काही मीच.

घरी येऊन कंपनीला लिहिलं, नातीचं पान सोडा, ते आमच्याच माणसाचं आहे. उत्तर आलं, तुमची विनंती मिळाली आहे, वाट पाहा.

१० एप्रिल

वाट पाहतोय. बंद करायला एक बटण, उघडायला अर्ज.

आणि कळस म्हणजे विपुलने गाणं पुन्हा आणलंय. यावेळी ऐरोलीची कोणी पोरगी गायलीय, त्याच चालीवर, तेच शब्द, रघूच्या जागी "राजा". शिट्टी बाजारातून आणलेली. मशीनला सापडत नाही, कारण आवाज माझा नाही. अदनानकडे गेलो तर म्हणाला, "आता काय करणार, चाल तर तुझी नाहीच ना."

"चोरीच आहे ही."

"हाय ना. पण कोणाची?"

मित्र म्हणवतात आणि असलं बोलतात.

१९ एप्रिल

आई स्वतः गेली ठमाबाईकडे. न सांगता. सुपारी, नारळ, तांदूळ घेऊन उन्हात चालत गेली. मी शूटवर होतो. आल्यावर कळलं.

"काय म्हणाली?"

"सुपारी उचललान तिनी. म्हनली, पूनमसाठी येन. तू लहान व्हतास तवा धर्मानी माझा छपर शाकारला व्हता, म्हनली."

धर्मा म्हणजे आमचे बाबा. मी म्हटलं, बघ, उगाच काळजी करत होतीस.

"म्हनली, मना मांडवात एक इचारायचा हाय."

"विचारू दे की. पानाचंच ना? सांग तिला, लिहिलंय मी कंपनीला."

आईने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि आत गेली. पूनम दारात उभी होती. तिला एकच ध्यास लागलाय, बाबांना हाक मारतील ना रे, बाबांचं नाव घेतील ना. बाबा गेले तेव्हा ती अकरावीत होती, परीक्षा होती, शेवटचं बघायला मिळालं नव्हतं तिला. मी म्हटलं, घेतील ना, त्यासाठीच तर बोलावलंय. आणि मी असं शूट करीन की जन्मभर बघशील.

२८ एप्रिल

काल लग्न झालं. पाहुणे गेले, मांडव अजून उभा आहे. आजच लिहितो, नाहीतर राहून जाईल.

ठमाबाई सकाळी आली. नथ घातलेली, हिरवं नवं लुगडं, केसांत अबोली. मी कॅमेरा तिच्यासमोरच लावला. काकूही आली होती, मागे चटईवर बसली. मला वाटलं नव्हतं ती येईल.

धवला सुरू झाला. मांडवाचे दारी कोनाला हाकारू, सूर्याला हाकारू, चांदाला हाकारू, दर्याला हाकारू. आवाज थोडा फाटतो आता तिचा, पण वर गेला की अंगावर काटा येतो. पूनम हळदीच्या अंगाने पाटावर, मान खाली. आईने पदर तोंडाशी धरलेला. देव झाले. आता घरातली माणसं. मी बाबांसाठी फोकस जवळ घेतला.

आणि ठमाबाई थांबली.

"सुजित."

"काय आजी?"

"आता तुझ्या बापाला हाकाराचा हाय. हाकारू काय?"

मला कळेना. "हाकार ना आजी. विचारतेस काय?"

"इचारलेला बरा. गाना तुझ्या नावावर हाय. क्रांतीच्या फोनवर लिवून आयलाय. मी गायले न उद्या मना पन बंद केलास तं?"

मागे कोणीतरी हसलं. मग कोणी हसेना. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पूनम मान वर करून म्हणाली, "आजी, घे ना गो बाबांचं नाव."

"तुना नाय इचारला, पोरी. मालकाला इचारला."

मला असा राग आला. अजूनही आहे. माझ्या बहिणीच्या मांडवात, सोयऱ्यांच्या देखत, ही जागा होती का बोलायची? मी काय मिळवलं या सगळ्यातून? रस्त्याची धूळ खाल्ली, विपुलशी भांडलो, दोन महिने डोक्याला ताप. तोंडाशी आलं होतं की चोर तिकडे उरणला बसलाय, त्याला विचारा. मी चोर नाही. पण पूनम माझ्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरची हळद ओली झाली होती. काकूही बघत होती, त्या दिवशी बघितलं होतं तसंच. तिने तेव्हा विचारलं होतं, त्याला कुठून गावला. इंटरनेटवरून, एवढंच मी सांगितलं होतं; तिथे ठेवलं कोणी ते सांगितलं नव्हतं.

कॅमेऱ्यावरून हात काढला. कलशाच्या ताटातली सुपारी उचलली आणि जाऊन तिच्यापुढे ठेवली. वाकलो होतो, तसाच राहिलो.

"आजी, आमच्या बाबांना बोलाव."

तिने सुपारी उचलली नाही. "कोनाचे गान्यान?"

"तुझे."

मग तिने सुपारी उचलून कनवटीला लावली, आणि डोळे मिटून गायला लागली. ये रं धर्मा, बांधावरून ये. पाय धू, मांडवात ये. माझे घरावर चढलेलास तसा हसत ये, लेक तुझी उभी हाय, धर्मा ये. हे शब्द मी आधी कधी ऐकले नव्हते. हे आमचेच होते, दुसऱ्या कुठल्या घरात चालले नसते. पूनम मोठ्याने रडली. आई रडली. मी कुठे उभा होतो मला आठवत नाही.

संध्याकाळी कॅमेरा उचलायला गेलो तर तो चालूच. सगळं आलंय त्यात, बाबांची हाक, पूनमचा चेहरा, माझी वाकलेली पाठ. आवाज इतका स्वच्छ आलाय की काय सांगू. आजवर इतकं चांगलं काही माझ्या हातून शूट झालेलं नाही, आणि हे तर झालं तेव्हा माझा हातही नव्हता त्यावर.

मघाशी पूनमचा सासरहून फोन आला. म्हणाली, "दादा, बाबांचा तेवढा भाग पाठव ना मला."

पाठवतो, असं निघूनच गेलं तोंडातून. बोट बटणावर होतं. मग म्हटलं, "थांब, विचारून पाठवतो."

"मला देताना पण?"

"हो."

फोन ठेवून आईला म्हटलं, घरात सुपारी आहे का. ती म्हणाली, लग्नात सगळ्या उठल्या. सकाळी दुकान उघडलं की आणतो, मग जातो ठमाबाईकडे. काकूकडेही जायचं आहे, तेव्हा दोन घेतलेल्या बऱ्या.